दाराला बिजागरी आणि कुलूप बसवताना: खाच कशी कोरायची

लाकडी दार मापात कापणं, त्याला रंधा मारणं, स्क्रू पिळणं ही कामं नवशिक्यालाही जमून जातात. हात अडतो तो पुढे. बिजागरीची उथळ चौकोनी खाच किंवा कुलपाचा खोल, अरुंद कप्पा कोरायची वेळ आली की पटाशी हातात धरून माणूस थांबतो. एक घाव चुकला तर दाराच्या कडेवर कायमचा व्रण राहील, ही भीती असते आणि ती खोटी नाही. पण इतकी दारं टांगून झाल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे: खाच बिघडते ती बहुतेक वेळा पटाशीने नाही, आखणीने. रेघ बरोबर असेल आणि ती सुरीने कापलेली असेल, तर पटाशीला चुकायला फारशी जागाच उरत नाही. म्हणून या लेखात कोरण्याइतकंच आखण्याबद्दल लिहिलं आहे. तो भाग घाईने वाचू नका.

आधी कामाचा क्रम सांगतो, कारण तो उलटा केला की सगळंच उलटं होतं. पहिल्यांदा दार चौकटीत मापाला बसवून घ्यायचं. मग बिजागऱ्यांच्या खाचा, आधी दाराला आणि नंतर चौकटीला. मग दार टांगायचं आणि ते मोकळं फिरतंय, नीट मिटतंय याची खात्री करायची. त्यानंतर कुलूप, आणि सगळ्यात शेवटी चौकटीवरची स्ट्राइक प्लेट, म्हणजे कुलपाची जीभ जिच्या भोकात शिरते ती धातूची पट्टी. दार टांगण्याआधी स्ट्राइक प्लेटची खाच कोरणारे लोक मी पाहिलेत. दार दोन मिलिमीटर खाली बसतं, आणि लॅच, म्हणजे कुलपाची स्प्रिंगवरची जीभ, प्लेटच्या काठावर आपटत राहतो.

हत्यारं आणि त्यांची धार

लागणारी हत्यारं थोडी आहेत. १२, १८ आणि २५ मिमी रुंदीच्या तीन पटाश्या, कुलपाच्या खोल कप्प्यासाठी जमलं तर एक जाड पाठीचं किकरं, लाकडी हातोडा, गुण्या, मार्किंग गेज, बारीक टोकाची धारदार सुरी, टोच्या, ड्रिल आणि त्याचे बिट, दोन जी-क्लॅम्प, आणि काही पाचरी. एवढ्यावर घरातली सगळी दारं होतात.

मार्किंग गेज नसेल तर घ्या. कडेपासून ठरावीक अंतरावर समांतर रेघ मारणारं हे साधं साधन आहे. पट्टीने टिंबं काढून ती जोडण्यापेक्षा त्याची रेघ कितीतरी खात्रीची असते, आणि एकदा लावलेलं माप सगळ्या बिजागऱ्यांना तसंच्या तसं मिळतं.

धारेबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली पटाशी सुटली की कुठे जाईल ते सांगता येत नाही. धारदार पटाशी तुमचं ऐकते. पटाशीची सपाट बाजू, म्हणजे पाठ, आधी दगडावर सपाट घासून घ्या. निदान टोकाकडचा दोन-तीन सेंटिमीटर भाग आरशासारखा झाला पाहिजे. मग उताराची बाजू २५ ते ३० अंशांच्या कोनात धरून घासा, पाठीकडे बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. ती खरखर म्हणजे धारेवर उलटलेला पातळ पत्रा. पाठ दगडावर टेकवून एक-दोनदा ओढली की तो जातो. परीक्षा सोपी आहे: मऊ लाकडाचा तुकडा घ्या आणि त्याच्या आडव्या कापावर, जिथे तंतूंची टोकं दिसतात तिथे, पटाशी हाताने दाबून पातळ साल काढा. कापलेली जागा तुकतुकीत दिसली तर धार झाली. ती पांढुरकी दिसली, तंतू चुरडलेले दिसले, तर पुन्हा दगडाकडे.

पटाशी चालवताना दोन्ही हात धारेच्या मागे. लाकूड धरायला एक हात पुढे घालायची सवय सगळ्यांनाच लागते आणि जखमा तिथेच होतात. लाकूड हाताने धरायचं नसतं, ते क्लॅम्पने धरायचं असतं.

दारालाही हे लागू आहे. दार कडेवर आडवं उभं करायचं, म्हणजे जिच्यावर काम करायचं ती लांब कड वर येईल. त्याला दोन ठिकाणी आधार द्या. जाड फळीच्या तुकड्याला दाराच्या जाडीपेक्षा थोडी रुंद खाच पाडायची, तिच्यात दार ठेवायचं आणि बाजूने पाचर ठोकायची. असे दोन ठोकळे केले की दार भिंतीसारखं उभं राहतं. ठोकळ्यांखाली जुनं कापड घाला, म्हणजे खालची कड खराब होत नाही.

बिजागऱ्या कुठे आणि किती

साधारण दोन मीटर उंचीच्या, ३५ ते ४० मिमी जाडीच्या दाराला १०० मिमीच्या तीन बिजागऱ्या लावाव्यात. हलक्या दाराला दोन पुरतात असं म्हणतात; मी तरीही तीनच लावतो. मधली बिजागरी वजनापेक्षा दार वाकू नये म्हणून असते. वरची बिजागरी दाराच्या वरच्या टोकापासून १५० ते १८० मिमीवर, खालची खालच्या टोकापासून २२५ ते २५० मिमीवर, आणि मधली त्या दोघींच्या बरोबर मध्ये. चौकटीच्या फळ्यांचं, म्हणजे उभ्या-आडव्या पट्ट्या जोडलेलं दार असेल, तर जिथे आडवी पट्टी उभ्या पट्टीत शिरली आहे तो सांधा टाळा. तिथे खाच पाडली की सांध्याचंच लाकूड कापलं जातं, आणि स्क्रूही तंतूंच्या टोकांत जातो, जिथे त्याची पकड कमी असते.

आता दार चौकटीत उभं करा. खाली पाचरी घालून ते वर उचला. वर आणि दोन्ही बाजूंना २ ते ३ मिमी फट राहील असं बसवा. फट मोजायला त्या जाडीच्या पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवले की काम पटपट होतं. दार असं बसलेलं असतानाच बिजागऱ्यांच्या वरच्या टोकाची खूण दाराच्या कडेवर आणि चौकटीवर एकदमच करा, सुरीच्या एकाच ओरखड्याने. दोन वेगळी मापं घेतली की ती कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एकच ओरखडा दोघांवर असेल तर जुळवायचं काही राहत नाही. खूण केल्यावर खाच खुणेच्या वर येणार की खाली, तिथे फुलीही मारा. खुणेच्या चुकीच्या बाजूला कोरलेल्या खाचा दिसतात तितक्या दुर्मिळ नाहीत.

आणि बिजागरीची नळी, म्हणजे पिन असलेला गोल भाग, दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला येते. आखण्याआधी दार एकदा मनात उघडून पाहा.

आखणी

बिजागरी हातात घ्या आणि तिच्या दोन पट्ट्या एकमेकींना समांतर होईपर्यंत मिटा. त्या वेळी दोघींच्या मध्ये जी फट दिसते, तीच तुमच्या दाराची आणि चौकटीची फट होणार आहे, जर दोन्ही पट्ट्या लाकडाशी अगदी सपाट बसवल्या तर. काही बिजागऱ्यांत ही फट दोन मिमी असते, काहींत तीन, काहींत त्याहून कमी. हे आधी बघितलं की खाच किती खोल घ्यायची हा प्रश्न अंदाजाचा राहत नाही. साधारणपणे खोली म्हणजे पट्टीची जाडी, बहुधा २.५ ते ३ मिमी. हे माप पुस्तकातून घेऊ नका. मार्किंग गेजचं टोक पट्टीच्या जाडीला टेकवून तिथेच कसून टाका.

रुंदीसाठी दुसरं माप. बिजागरी दाराच्या कडेवर ठेवा. नळी कडेच्या बाहेर पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. पट्टी कडेच्या संपूर्ण जाडीभर जाऊ नये. मागच्या बाजूला ५-६ मिमी लाकूड शाबूत ठेवा. ते लाकूडच पट्टीला मागून आधार देतं, आणि दार मिटलं की खाच दिसतही नाही. गेज या अंतराला लावून दाराच्या पृष्ठभागाला टेकवून कडेवर समांतर रेघ ओढा.

आडव्या दोन रेघा, खाचेच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या, गुण्याने मारा. पहिली रेघ मारल्यावर बिजागरी तिला टेकवून धरा आणि दुसरं टोक थेट बिजागरीवरून सुरीने खुणावा. सगळ्या बिजागऱ्या एकाच पेटीतल्या असल्या तरी लांबीत अर्धा-एक मिमी फरक निघतो, म्हणून प्रत्येकीला पाठीमागे आकडा लिहा आणि ज्या जागेवरून खूण केली तिथेच ती लावा.

या सगळ्या रेघा सुरीने मारायच्या, पेन्सिलीने नाही, हा आग्रह मी का धरतो ते सांगतो. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. खाच तिच्या आत घ्यायची की बाहेर, हे दर वेळी ठरवावं लागतं. सुरीची रेघ म्हणजे लाकडात कापलेली भिंत असते. तिच्यात पटाशीचं टोक ठेवलं की ते आपसूक बसतं, सरकत नाही. शिवाय वरचे तंतू आधीच कापलेले असल्यामुळे काठावरून कपच्या उडत नाहीत. सुरी पहिल्यांदा हलकी फिरवा, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जोर देऊन. पहिल्याच खेपेला दाबलीत तर ती तंतूंच्या मागे वाहवत जाते.

खाच कोरताना

पटाशी उभी धरा, उतार खाचेच्या आतल्या बाजूला, पाठ रेघेकडे. सुरुवात रेघेवरून करू नका. रेघेच्या आत २-३ मिमीवर पहिला घाव घाला. पटाशी पाचरीसारखी काम करते. तिच्या दोन्ही बाजूंना लाकूड असेल तर ती स्वतःला पाठीकडे ढकलते आणि रेघ मागे सरकवते. आतलं लाकूड मोकळं झाल्यावर शेवटचा पातळ थर रेघेत पटाशी ठेवून काढला की काठ स्वच्छ येतो.

कडेला समांतर असलेल्या लांब रेघेवर मात्र हातोडा जपून. तिथे पटाशी तंतूंच्या दिशेने बसते, आणि मागे ते ५-६ मिमी लाकूडच आहे. जोरात ठोकलंत तर ती पट्टी चिरते. हलके ठोके, आणि शक्य असेल तर नुसता हाताचा दाब.

आता २५ मिमीची पटाशी घ्या, उतार खाली, साधारण ४५ अंशांत तिरकी. खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर ५-६ मिमीवर एक-एक घाव घालत जा, तंतूंना आडवे. प्रत्येक घाव खोलीच्या रेघेपर्यंतच. झाल्यावर खाच पत्त्यांच्या कॅटसारखी दिसते, ओळीने उभ्या पातळ ढलप्या. मग पटाशी आडवी करा, पाठ खाली, आणि दाराच्या ज्या पृष्ठभागावर खाच उघडी आहे तिकडून आत ढकला. ढलप्या आपोआप सुटून येतात. हा भाग हातोड्याशिवाय, दोन्ही हातांनी: एक हात मुठीवर ढकलायला, दुसऱ्याची बोटं पात्यावर दिशा धरायला आणि आवरायला.

तळ सपाट झाला की नाही हे डोळ्याला नेहमी कळत नाही. त्यासाठी बिजागरीच्या पट्टीच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिल घासा, पट्टी खाचेत ठेवून दाबा आणि उचला. जिथे काळं लागलं तिथे लाकूड उंच आहे. तेवढंच खरवडा. पुन्हा दाबा. असं दोन-तीनदा केलं की पट्टी बसताना एक बारीक, बंद आवाज येतो, आणि उचलायला नख घालावं लागतं. नखाने पट्टीवरून लाकडावर आणि लाकडावरून पट्टीवर फिरवून पाहा. कुठेच अडकलं नाही तर झालं.

खाच जास्त खोल गेली तर घाबरू नका. पट्टीखाली तिच्याच आकाराचा पुठ्ठ्याचा किंवा व्हीनियरचा तुकडा घाला. उथळ राहिली तर अजून कोरता येतं. लांबीत जास्त कापली गेली तर मात्र लाकडाची पट्टी चिकटवून भरण्याशिवाय उपाय नाही, म्हणून लांबीची रेघ सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सावकाश.

स्क्रूंची भोकं

प्रत्येक स्क्रूला आधी बारीक भोक पाडा. आठ नंबरच्या स्क्रूला मऊ लाकडात २.५ मिमी आणि कठीण लाकडात ३ मिमी बिट चालतो. भोकाचा केंद्रबिंदू पट्टीच्या भोकाच्या बरोबर मध्ये न घेता केसभर मागे, म्हणजे नळीपासून दूर घ्या. स्क्रू कसला की त्याचं डोकं पट्टीला मागच्या काठाकडे ओढून घट्ट बसवतं. उलट बाजूला सरकलं तर पट्टी पुढे येते आणि मागे फट दिसते.

पितळी स्क्रू असतील तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून काढा, आणि मग पितळी घाला. पितळ मऊ असतं. कठीण लाकडात त्याचं डोकं तुटून येतं आणि उरलेला दांडा आत राहतो. स्क्रूला थोडं मेण लावलं तर तो सहज जातो.

पहिल्या वेळी प्रत्येक पट्टीत एकच स्क्रू लावा. दार टांगा, फिरवून पाहा. काही हलवायचं असेल तर बाकीची भोकं अजून लाकडात पडलेली नसतात, आणि नव्या जागी पक्की पकड मिळते.

दार टांगल्यावर काय बघायचं? मिटत आलेलं दार शेवटच्या इंचाला परत उसळत असेल तर बिजागरीच्या खाचा जास्त खोल आहेत किंवा स्क्रूची डोकी वर राहिली आहेत आणि दोन पट्ट्या एकमेकींवर दाबल्या जात आहेत. आधी डोकी बघा, मग पुठ्ठा घाला. कुलपाकडची वरची कड चौकटीला घासत असेल तर वरची बिजागरी सैल आहे किंवा तिची खाच थोडी अधिक खोल हवी. कुलपाकडचा खालचा कोपरा जमिनीला घासत असेल तर खालच्या बिजागरीखाली पातळ पुठ्ठा घातला की तो कोपरा उचलला जातो. या छोट्या दुरुस्त्या करायला लाज वाटायचं कारण नाही. लाकूड आहे, ते थोडं हलणारच. आणि घासतंय म्हणून लगेच रंधा मारू नका. आधी बिजागरी, मग रंधा.

कुलपाची जागा

दार नीट फिरू लागलं की कुलूप. आता काम वेगळं आहे. बिजागरीची खाच तीन मिमी खोल असते, कुलपाचा कप्पा सत्तर-ऐंशी मिमी किंवा त्याहून जास्त. उथळ खाचेत पटाशी थोडी तिरकी गेली तर ती दिसते आणि सुधारता येते. खोल कप्प्यात तिरकेपणा आतच वाढत जातो.

दाराची जाडी आधी मोजा. कुलपाची पेटी साधारण १४ ते १६ मिमी जाड असते. ३५ मिमीच्या दारात १६ मिमीचा कप्पा घेतला तर दोन्ही बाजूंना साडेनऊ मिमी लाकूड उरतं. त्याहून पातळ दारात कप्प्याच्या भिंती तकलादू होतात. तिथे वरून बसणारं कुलूप बरं. दुसरं माप म्हणजे दाराच्या कडेपासून हँडलच्या गजाच्या, म्हणजे दोन्ही हँडल जोडणाऱ्या चौकोनी सळईच्या, केंद्रापर्यंतचं अंतर. ४५, ५० आणि ६० मिमी ही मापं नेहमी दिसतात. अरुंद पट्टीच्या दारात मोठं अंतर घेतलं तर कप्पा पट्टी ओलांडून जातो. गज आणि किल्ली यांच्यातलं अंतरही पाहा, कारण हँडलची प्लेट त्याच अंतराची हवी. ७२ आणि ८५ मिमी ही दोन अंतरं बरीच आढळतात. कुलूप आणि हँडल वेगवेगळं घेताना इथेच फसगत होते.

फ्लश दार, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट पत्रा लावलेलं दार, असेल तर आत भरीव लाकूड सगळीकडे नसतं. कुलपासाठी एका ठिकाणी, कधी दोन्ही कडांना, लाकडाचा ठोकळा घातलेला असतो आणि त्याची खूण कडेवर केलेली असते. खूण नसेल तर बोटाच्या सांध्याने ठोकत जा: भरीव जागी आवाज दबका येतो, पोकळ जागी खणखणीत. बिजागऱ्या कोणत्या कडेला लावायच्या हे ठरवतानाच ही खूण बघायला हवी होती, हे कुलूप घेऊन बसल्यावर आठवलं तर उशीर झालेला असतो.

हँडलची उंची जमिनीपासून साधारण एक मीटर ठेवतात. पट्ट्यांच्या दारात नेमकी तिथेच मधली आडवी पट्टी येते. कप्पा त्या सांध्यात घेतला तर सांधा कमजोर होतो. मी अशा वेळी कुलूप सांध्याच्या वर किंवा खाली सरकवतो, हँडल थोडं उंच-ठेंगणं झालं तरी चालेल.

आणखी एक गोष्ट आत्ताच: लॅच, म्हणजे स्प्रिंगवर आत-बाहेर होणारी तिरकी जीभ, तिचा उतार दार मिटतं त्या दिशेला हवा. बहुतेक कुलपांत ती उलटी करता येते. कुलूप बसवल्यावर ती उलटी करायची तर पुन्हा सगळं काढावं लागतं.

कप्पा पाडणं

कडेच्या बरोबर मध्यावर उभी रेघ ओढा. मध्य काढायची पक्की युक्ती म्हणजे गेज अंदाजे मध्याला लावून दोन्ही पृष्ठभागांवरून एक-एक रेघ मारायची. दोन रेघा पडल्या तर त्यांच्या मधला बिंदू खरा मध्य. गेज तिकडे सरकवून पुन्हा. कुलपाची पेटी कडेवर धरून वरचं आणि खालचं टोक खुणवा, प्रत्येकी एक-एक मिमी जास्त. फेस प्लेटची, म्हणजे कुलपाच्या पुढच्या, दाराच्या कडेवर दिसणाऱ्या पट्टीची नाही, पेटीची उंची. हा घोळ होतो.

बिट पेटीच्या जाडीपेक्षा एक मिमी मोठा घ्या. खोलीच्या मापावर बिटला रंगीत टेप गुंडाळा. खोली म्हणजे फेस प्लेटच्या पाठीपासून पेटीच्या मागच्या कडेपर्यंत, अधिक फेस प्लेटची जाडी, अधिक ३-४ मिमी मोकळीक. आधी सगळ्यात वरचं भोक, मग सगळ्यात खालचं, मग मधली. मधल्या टोकावर फिरणारा बिट वापरत असाल तर भोकं एकमेकांत घुसवू नका, मध्ये लाकडाची पातळ भिंत ठेवा. टोकाला धरायला लाकूड नसेल तर बिट शेजारच्या भोकात घसरतो.

माझ्या पहिल्या कुलपाचा कप्पा मी एकट्याने पाडला. मापं बरोबर होती, रेघ बरोबर मध्यावर होती. तिसऱ्या भोकाला ड्रिलचं टोक दाराच्या दर्शनी बाजूने बाहेर आलं. मी समोरून बघत होतो, आणि समोरून ड्रिल वर-खाली सरळ दिसत होतं. ते दाराच्या जाडीच्या दिशेला कलत होतं, ते समोरून दिसत नाही. तेव्हापासून मी दाराच्या एका टोकाला कुणाला तरी उभं करतो, आणि त्या माणसाचं काम एकच: ड्रिल दाराच्या पृष्ठभागाला समांतर आहे का एवढंच बोलायचं. कोणी नसेल तर दाराच्या कडेवर गुण्या उभा ठेवा आणि बिट त्याच्या पात्याशी जुळवत चला. दर काही सेकंदांनी बिट बाहेर काढून भुसा झटका. भुसा अडकला की बिट तापतो आणि वाट सोडतो.

कप्प्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे दोन सपाट तुकडे लावून जी-क्लॅम्पने दाबून धरा, मगच पटाशी घाला. पातळ भिंती चिरण्यापासून हेच वाचवतं. भोकांमधल्या भिंती किकऱ्याने किंवा १२ मिमीच्या पटाशीने काढा, नंतर रुंद पटाशीने बाजू सरळ करा, पाठ भिंतीला टेकवून. वरून खाली एकदम कापायला जाऊ नका. थोडं खाली, भुसा काढा, पुन्हा थोडं. पेटी घालून पाहा. ती हाताच्या हलक्या दाबाने गेली पाहिजे. हातोड्याने ठोकावी लागली तर आतलं यंत्र दाबलं जाईल आणि किल्ली जड फिरेल.

पेटी पूर्ण आत गेली की फेस प्लेटच्या भोवती सुरीने रेघ ओढा. तिची खाच बिजागरीसारखीच, फक्त चारही बाजूंनी बंद, आणि बाजूचं लाकूड अगदी थोडं. इथे हातोडा हलका. काही दारांची कुलपाकडची कड मिटताना घासू नये म्हणून दोन-तीन अंशांनी तिरकी रंधलेली असते. अशा कडेवर प्लेटचा तळही त्याच तिरक्यात गेला पाहिजे, नाहीतर एक बाजू वर राहते.

गज आणि किल्लीची भोकं

कुलूप बाहेर काढा. आता ते दाराच्या पृष्ठभागावर धरा, ज्या उंचीवर ते आत बसतं त्याच उंचीवर, फेस प्लेटचा दर्शनी भाग कडेशी समपातळीत. गजाच्या आणि किल्लीच्या भोकांतून टोच्याने खूण करा. गुण्याने तीच उंची दाराच्या दुसऱ्या बाजूलाही न्या आणि कडेपासूनचं अंतर दोन्हीकडे सारखं मोजा.

भोकं दोन्ही बाजूंनी पाडायची, प्रत्येक वेळी फक्त कप्प्यापर्यंत. एका बाजूने आरपार गेलात तर पलीकडे लाकडाची साल उडते, आणि ती हँडलच्या प्लेटखाली नेहमीच झाकली जात नाही. आठ मिमीच्या चौकोनी गजाचा कर्ण सव्वाअकरा मिमीच्या जवळ भरतो, म्हणून भोक त्याहून मोठं हवं. हँडलच्या मानेला किती लागतं ते हँडलवर मोजा. सिलिंडरच्या, म्हणजे किल्ली ज्यात फिरते त्या नळकांड्याच्या, किल्लीसाठी वर साधारण १७ मिमीचं गोल भोक आणि त्याखाली १० मिमी रुंदीची चीर करून तो पेरूसारखा आकार मिळतो.

कुलूप परत घाला, गज घाला, हँडल फिरवून पाहा. हँडल सोडल्यावर लॅच स्वतःहून उसळून बाहेर आला पाहिजे. रेंगाळत असेल तर गज भोकाच्या काठाला घासतोय. तिथे कानस फिरवा. हे दार उघडं असतानाच पाहायचं, बंद करून नाही. आतून अडकलेलं दार उघडणं हे फार त्रासाचं काम आहे.

चौकटीवरची प्लेट

बोल्ट, म्हणजे किल्लीने सरकणारा ठोकळा, त्याच्या टोकाला खडू लावा. दार मिटा आणि किल्ली फिरवा. चौकटीवर उमटलेला ठसा म्हणजे भोकाची उंची. लॅचसाठी अजून एक माप लागतं: दार मिटल्यावर चौकटीच्या ज्या पायरीला टेकतं, तिकडच्या पृष्ठभागापासून लॅचच्या सपाट बाजूपर्यंतचं अंतर. तेच अंतर चौकटीवर पायरीपासून घ्या आणि स्ट्राइक प्लेटच्या भोकाची कड तिथे आणा. मग प्लेट ठेवून भोवती सुरीची रेघ, आणि पातळ खाच. भोकं ड्रिलने आणि पटाशीने, बोल्ट पूर्ण बाहेर येऊन न टेकेल इतकी खोल. बोल्ट अर्धाच गेला तर कुलूप लागल्यासारखं वाटतं, पण दार धक्क्याने उघडतं; किल्ली शेवटपर्यंत फिरते का, हे पाहा.

दार बंद झाल्यावर खडखडत असेल तर प्लेट अर्धा-एक मिमी पायरीकडे सरकवा. अनेक प्लेटांच्या भोकाला वाकवता येण्याजोगी छोटी जीभ असते, तिनेही हे साधतं. स्क्रूचं भोक चुकीच्या जागी पडलं असेल तर त्यात लाकडाची काडी गोंद लावून ठोका, वाळू द्या, वरून सपाट कापा आणि मग नवं भोक घ्या. ओल्या गोंदावर घेतलेलं भोक पुन्हा जुन्याच जागी सरकतं.

राउटर किंवा ट्रिमर, म्हणजे फिरत्या पात्याने खाच पाडणारं यंत्र, असेल आणि दारं पाच-सहा असतील, तर बिजागरीच्या खाचांसाठी प्लायचा साचा करून घेणं फायद्याचं. खोली एकसारखी मिळते. कोपरे मात्र गोल राहतात; ते पटाशीने चौकोनी करा किंवा गोल कोपऱ्यांच्या बिजागऱ्या घ्या. पहिली दोन-तीन दारं मात्र हातानेच करा, म्हणजे यंत्र चुकतं तेव्हा ते का चुकलं हे कळतं. आणि पहिली खाच कधीही दारावर नको. त्याच जातीच्या लाकडाच्या तुकड्यावर एक पूर्ण खाच कोरून बघा.

सगळं जमल्यावर एकदा बिजागऱ्या, कुलूप आणि प्लेट काढा. खाचांच्या तळाला, कप्प्याच्या आत आणि दाराच्या वरच्या-खालच्या कडेला पॉलिश किंवा रंगाचा एक हात द्या. कोरलेलं उघडं लाकूड दमट हवेतला ओलावा सगळ्यात आधी तिथूनच पितं, आणि फुगलेली खाच बिजागरीला धरून ठेवते. वाळल्यावर प्रत्येक बिजागरी तिच्या आकड्याच्या जागी परत लावा, आता सगळे स्क्रू घालून.